मापकाकांचे पाय

माझ्या सासऱ्यांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत, पाय राहतात. रस्त्यात कुणी हसून "काय मापकाका, ओळखलंत का?" म्हणालं, की ते आधी खाली बघतात, मग वर बघून म्हणतात, "ओळखलं की. उजवी टाच बाहेरून झिजवणारे तुम्ही." समोरच्याला राग यावा की हसू, हे ठरायच्या आत ते पुढे गेलेले असतात. मी सून होऊन घरात आले तेव्हा पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर माझ्या पावलांकडे टक लावून म्हणाले, "पोरीचे पंजे रुंद आहेत. बाजारातला बूट हिला जन्मात बसला नसणार." मी लाजेने अर्धमेली झाले. पण बूट खरंच बसला नव्हता. आठवड्याभरात त्यांनी माझ्यासाठी एक जोड शिवला आणि माझ्या करंगळ्यांना पहिल्यांदा कळलं की चालणं ही शिक्षा नसते. तेव्हापासून मी त्यांच्याशी भांडते पुष्कळ, पण त्यांच्या हातचे सोडून दुसरे बूट घालत नाही.

ते बूट बनवतात, पण कुणाचेही नाहीत. एक पाय आखूड असलेले, बोटं एकमेकांवर चढलेली, अपघातात पाऊल वाकडं झालेलं, ज्यांना दुकानदार "तुमच्या मापाचं नाही" म्हणून हात जोडतो ते सगळे आमच्याकडे येतात. आणि आमचे मापकाका त्यांना दोनदा बोलावतात, एकदा सकाळी आणि एकदा दिवे लागताना. संध्याकाळी पाऊल फुगतं, म्हणून एका वेळचं माप हे माप नाही, असं त्यांचं म्हणणं. गिऱ्हाईक कुरकुरतं. "काका, दोन हेलपाटे कशाला?" यावर उत्तर ठरलेलं. "दिवसातून एकदाच चालता का तुम्ही?" संपला विषय. गल्लीत त्यांना मापकाका म्हणतात ते यावरून. खरं नाव आता टपालवाल्यालाही आठवत नसेल.

आमचं दुकान घरातच आहे. पुढच्या खोलीत दाराशी माझं शिलाई मशीन. बुटाचं वरचं कातडं मी शिवते. मागच्या खोलीत त्यांचं राज्य. भिंतभर लाकडी फर्मे, म्हणजे ज्यांच्यावर बूट बेततात ती लाकडाची पावलं. खाली कातडं कापायची रापी, भोकं पाडायची आरी, हातोडी, आणि सोल चिकटवायच्या सोल्यूशनचा डबा. त्या खोलीला एकच खिडकी, गल्लीकडे उघडणारी. समोर काही वर्षांपूर्वी एक सुताराचं दुकान आलं. त्याची करवत सुरू झाली की भुसा उडून आमच्या खोलीत येतो. सोल्यूशन लावलेल्या सोलवर भुशाचा एक कण जरी बसला, तरी जोड कच्चा राहतो, असं सासऱ्यांचं ठाम मत. म्हणून सोल्यूशनचा डबा उघडला की खिडकी बंद. मधलं दारही बंद. आत तो वास कोंडायचा, डोकं भणभणायचं. मी दार ढकलून म्हणायची, "बाबा, अहो उघडा जरा, माणसं राहतात इथे." ते आतून म्हणायचे, "माणसं राहतील, सोल नाही राहणार." हे भांडण आमच्याकडे रोज व्हायचं, इतकं नेमाने की झालं नाही तर माझ्या नवऱ्याला चुकल्यासारखं वाटायचं.

आता हा माणूस आजारी पडला तर सांगेल का? छे! ताकास तूर लागू देणार नाही. मला पहिली शंका आली ती एका पांढऱ्या कातड्यावरून. शिवायला म्हणून त्यांनी माझ्याकडे ते पुढे केलं, तर त्यावर रक्ताचे ठिपके. मी त्यांचा हात पकडला. डाव्या अंगठ्याला रापी चांगली खोल लागली होती.

"बाबा, हे कधी लागलं?"

त्यांनी अंगठ्याकडे असं बघितलं, जणू तो शेजाऱ्याचा आहे. "लागलंय होय?" म्हणाले.

मी पट्टी बांधली आणि वाटेल ते बोलले. ते गप्प बसले. गप्प बसले यानेच मला खरी भीती वाटली, कारण उलट उत्तर दिल्याशिवाय त्यांना घास जात नाही. मग माझं लक्ष जायला लागलं. खिळे त्यांच्या बोटांतून निसटायचे. सदऱ्याची बटणं लावायला वेळ लागायचा. चालताना पावलं फटफट आपटायची, आणि अंधाऱ्या जिन्यात ते भिंत धरून उतरायचे. विचारलं की म्हणायचे, "मुंग्या येतात थोड्या. बसून बसून येतात. सगळ्यांनाच येतात."

आणि एका सकाळी ते दूध घेऊन परत आले ते एका पायात चप्पल घालून. दुसरा पाय अनवाणी, धुळीने माखलेला. मी बघतच राहिले. "बाबा, चप्पल कुठाय?" त्यांनी खाली बघितलं. चप्पल कुठे निसटली, केव्हा निसटली, त्यांना पत्ताच नव्हता. ते भिंतीला टेकून उभे राहिले. सबंध गावाला चालवणारा माणूस, आणि स्वतःच्या पायातली चप्पल गेलेली त्याला कळू नये. त्या दिवशी पहिल्यांदा ते म्हणाले, "सूनबाई, मला पाय कळत नाहीत गं."

आमचे नेहमीचे डॉक्टर भले माणूस. त्यांनी साखर तपासली, रक्त तपासलं, जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या, आणि महिन्याभरात फरक दिसेना तेव्हा स्वतःच म्हणाले, "हे माझ्या आवाक्यातलं नाही. नसांच्या डॉक्टरांना दाखवा." आणि मोठ्या दवाखान्यातल्या एका डॉक्टरबाईंकडे पाठवलं. अडून न बसता वेळेवर पुढे पाठवलं, याबद्दल त्यांचेही मी आभार मानते. सगळेच तसं करत नाहीत.

त्या डॉक्टरबाई पन्नाशीच्या आसपासच्या, बुटक्या, चष्मा डोक्यावर सरकवलेला. बाहेर बाकांवर रांग लागलेली, पण आत गेल्यावर असं वाटलं की आज यांना आमच्याशिवाय काही कामच नाही.

"बोला काका, काय होतंय?"

"काही नाही," सासरे म्हणाले.

"काही नाही म्हणून एवढ्या लांब आलात?"

मी तोंड उघडलं. माझ्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायच्या आतच बाईंनी हात वर केला. "तुम्ही नंतर. पाय ज्यांचे आहेत, आधी त्यांना बोलू द्या."

"मुंग्या येतात पायाला," सासरे म्हणाले.

"पायाला कुठे? बोटांना, तळव्याला, एका बाजूला, सगळीकडे?"

सासऱ्यांनी मान वर केली. हा प्रश्न त्यांच्या ओळखीचा होता. गिऱ्हाईक "बूट टोचतो" म्हणालं की तेही असंच विचारतात, टोचतो म्हणजे कुठे, केव्हा, उभं राहिल्यावर की चालताना. मग ते बोलायला लागले. आधी दोन्ही पायांच्या बोटांना मुंग्या, मग तळवे बधिर, जणू जाड मोजे घातलेत. मग ते मोजे वर वर चढत गेले. पोटरीपर्यंत आले तेव्हा हाताच्या बोटांची टोकं मुकी झाली. हे सगळं मी पहिल्यांदा ऐकत होते. एका घरात राहून इतकं लपवलं होतं त्यांनी! माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आणि त्याच वेळी रडूही यायला लागलं.

बाई एकेक विचारत गेल्या. पाठ दुखते का? लघवीला त्रास? दारू? कुठली औषधं? खाणं काय? घरात आणखी कुणाला असं? मग त्यांना झोपवून पाय गुडघ्यापर्यंत उघडे केले आणि तपासायला घेतलं. कापसाचा बोळा फिरवला. टाचणीने हळूच टोचलं, कधी टोकाने, कधी डोक्याने, आणि डोळे मिटून सांगायला लावलं, बोथट की टोकदार. पायाच्या बोटांवर ते "नाही कळत" म्हणाले. घोट्यावर "काहीतरी आहे" म्हणाले. पोटरीच्या मध्यावर एकदम "टोकदार" म्हणाले. काट्यासारखं दोन दात्यांचं एक लोखंडी हत्यार तळहातावर आपटून गुणगुणतं केलं आणि अंगठ्याच्या हाडावर टेकवलं. "गुणगुणतंय का?" "नाही." घोट्यावर? "नाही." गुडघ्यावर? "हां, इथे आहे." अंगठा धरून वर-खाली केला आणि विचारलं, आता वर आहे की खाली. तीनदा चुकले. रबरी हातोडी टाचेच्या वर मारली, पाऊल ढिम्म हललं नाही. मग टाचांवर चालायला लावलं, तर पंजे उचलेनात. पाय जोडून, डोळे मिटून उभं राहायला सांगितलं, तर असे डुलले की बाईंनीच धरलं.

मग त्यांनी टेप घेतली. जिथून टाचणी कळायला लागली होती, तिथे पेनने आडवी रेघ मारली आणि गुडघ्याच्या वाटीपासून त्या रेघेपर्यंत माप घेतलं. दोन्ही पायांचं. तेही एकदा घेऊन थांबल्या नाहीत, टेप उचलून पुन्हा घेतलं. सासरे माझ्याकडे वळून हलकेच म्हणाले, "दोनदा घेते." इतक्या आदराने ते माझ्याबद्दल कधी बोललेले मला आठवत नाही.

"काम काय करता?"

"बूट."

"मग मला एक बूट करून दाखवा."

"इथे? सामान कुठाय?"

"सामान आहे असं समजा. तुम्ही तुमच्या खोलीत आहात. सुरुवातीपासून करा, काही गाळू नका. मला घाई नाही."

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं, मी खांदे उडवले. मग ते स्टुलावर नीट सरसावून बसले आणि हवेत बूट करायला लागले. फर्मा मांडीवर घेतला. कातडं ओढलं. रापीने कडा सोलल्या. तोंडात खिळे धरले. हात बधिर होते, पण चाळीस वर्षांची सवय त्यांत शाबूत होती. मला ती रिकाम्या हवेतली वस्तू अगदी दिसत होती. मग त्यांनी डबा उघडला, ब्रश बुडवला, आणि मध्येच उठले. दोन पावलं गेले, हात लांब करून काहीतरी ओढलं, खटका लावला, परत येऊन बसले. सोलवर ब्रश फिरवला. तोंड अगदी जवळ नेऊन, कण बसलाय का ते तिरक्या नजरेने बघितलं. बोटाच्या पेराने चिकटपणा अजमावला. हातोडी मारली. शेवटी एक चिंधी कशात तरी बुडवून हात खसाखसा पुसले.

"थांबा," बाई म्हणाल्या. "मघाशी उठून काय केलंत?"

"मी? कुठे उठलो?"

"उठलात. काहीतरी ओढून लावलंत."

सासऱ्यांना खरंच आठवेना. मीच म्हणाले, "खिडकी. बाबांनी खिडकी लावली."

"का?"

"समोर सुतार आहे," सासरे म्हणाले. "भुसा बसतो सोल्यूशनवर. जोड कच्चा राहतो."

"आणि हात कशाने पुसलेत?"

"थिनरने. चिकट हाताने घरात कसं शिरायचं?"

"हे सोल्यूशन पहिल्यापासून तेच वापरता?"

"नाही. जुनं मिळेनासं झालं. हे नवीन, दीडेक वर्ष झालं. झटकन वाळतं. चांगलंय."

बाईंनी चष्मा डोक्यावरून नाकावर आणला. मला वाटतं, त्या वेळीच त्यांना कळलं होतं, पण त्यांनी लगेच काही म्हटलं नाही. आणखी रक्त तपासायला दिलं. एका यंत्रावर हातापायांना बारीक झटके देऊन नसांतून निरोप किती वेगाने जातो ते मोजून आणायला लावलं. तोवर सोल्यूशन आणि थिनर दोन्ही बंद, डबे घराबाहेर. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "त्या घरात बसून काम आणखी कोण करतं?"

"मी. पण पुढच्या खोलीत, दाराशी."

"चढा टेबलावर."

मी काही बोलायच्या आत त्यांनी माझ्या अंगठ्याला टाचणी लावली. मी अशी किंचाळले की बाहेरच्या बाकांवरची माणसं उठून उभी राहिली असतील. सासरे शांतपणे म्हणाले, "हिच्या सगळ्या नसा तोंडात आहेत, बाई, हिला काही होत नाही." बाई खळखळून हसल्या. मला मात्र माझ्या मशीनशेजारच्या दारातून दिवसभर येणारा वारा आठवला. माझं नशीब एका उघड्या दाराएवढं रुंद होतं.

सगळ्या तपासण्या आल्यावर त्यांनी आम्हा तिघांना समोर बसवलं. माझा नवरा त्या दिवशी बसच्या ड्यूटीवरून सुट्टी काढून आला होता. बाई म्हणाल्या, "काका, तुमचं ते सोल्यूशन झटकन वाळतं म्हणजे काय होतं? त्यातला पातळ भाग उडून जातो. जातो कुठे? हवेत. खिडकी बंद, म्हणजे तुमच्या छातीत. वर थिनर कातडीतून आत जातो. दोन्ही नसांना मारक असतात. ज्या नसा सगळ्यात लांब, त्या आधी थकतात. म्हणून आधी पायाची बोटं, मग हाताची. साखर नाही, जीवनसत्त्वं ठीक, दुसरं काही सापडलं नाही. नसांचा तपासही हेच सांगतो."

"मग औषध?" नवरा म्हणाला.

"उघडी खिडकी. याला दुसरं औषध नाही. विष थांबलं की नसा स्वतः दुरुस्त होतात, पण गोगलगाईच्या चालीने. पायांचे व्यायाम देते ते रोज करायचे. अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही. रोज रात्री सूनबाईंनी तळवे बघायचे, कुठे लागलंय का." मग त्या जरा थांबल्या. "आणि आता नीट ऐका. सोल्यूशन बंद केलं म्हणून लगेच बरं वाटणार नाही. आधी वाढेल. दोन-तीन महिने वाढतच जाईल, ही रेघ आणखी वर चढेल. तुम्हाला वाटेल, बाईचं चुकलं. मला शिव्या द्याल. खुशाल द्या, पण त्या डब्याला हात लावू नका. वाढणं थांबेल, आणि मग उतरेल."

"सगळं उतरेल?" सासऱ्यांनी विचारलं. "आरी धरता येईल मला?"

"शब्द देत नाही," त्या म्हणाल्या. "बहुतेक येईल. किती, ते तुमच्या नसा सांगतील."

मी घरी येताना मनात म्हटलं, कसली ही डॉक्टर, बरं करायचं सोडून आधी वाढेल म्हणते. आता वाटतं, त्या दिवशी त्यांनी आम्हाला दिलेल्या सगळ्या गोष्टींत ते एक वाक्य मोलाचं होतं.

कारण खरंच वाढलं. डबे गेले, खिडकी सताड उघडी, सुताराचा भुसा खुशाल आत, आणि तरी सासऱ्यांचे पाय दर आठवड्याला थोडे थोडे परके होत गेले. पावलं लोंबू नयेत म्हणून घोट्याला पट्टे लागले. हातात काठी आली. बटणं मी लावायची, घास मी करून द्यायची. ते खिडकीशी बसून उघड्या गल्लीकडे बघत राहायचे. गिऱ्हाइकं यायची, पाय पुढे करायची, आणि ते नुसतं बघून सांगायचे, "या महिन्यात नाही, बाबा." शेजारचा रोज नवा उपाय सुचवायचा, कुठे कुणाला कसलं तेल लावून बरं वाटलं. नवऱ्याचा धीर सुटायला लागला. "आपण दुसरीकडे दाखवू या," तो म्हणाला. "बंद करून वाढलं, म्हणजे कारण ते नव्हतंच." तर्काने त्याचं बरोबर होतं.

एका दुपारी मी बाजारातून आले तर मागच्या खोलीचं दार लोटलेलं. आतून तोच वास. दार उघडलं तर सासरे खाली बसलेले, समोर सोल्यूशनचा डबा, कुठून आणवला देव जाणे. एका सोलवर ब्रश फिरवत होते. ब्रश कसला फिरतोय, बोटांतून घसरत होता. सोल्यूशन मांडीवर, जमिनीवर, सगळीकडे.

"बाबा!"

"काम थांबलं म्हणून हात गेले," ते म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं. "मी चाळीस वर्षं चिकटवतोय. तेव्हा होते हात. बंद केलं आणि गेले. ती बाई चुकली, पोरी. मला काम करू दे. जे व्हायचं ते काम करता करता होऊ दे."

त्यांच्याशी मी हजार वेळा भांडले असेन, पण त्या दुपारी माझा आवाजच चढेना. मी खाली त्यांच्याजवळ बसले. "बाबा," मी म्हटलं, "एखादा माणूस तुमच्याकडे नवा बूट घेतो. तुम्ही त्याला सांगता, आठ दिवस हा चावेल, मग पायासारखा होईल. तिसऱ्या दिवशी तो येऊन म्हणाला, मापकाका, तुमचं चुकलं, हा चावतोय, तर तुम्ही काय म्हणाल?"

त्यांनी ब्रश खाली ठेवला.

"ती बाई चुकली असती तर तिने वाढेल म्हणून आधी कशाला सांगितलं असतं? बरं वाटेल म्हणून सांगितलं असतं. तिने आधी माप दिलंय तुम्हाला."

मग ते डब्याचं झाकण लावायला गेले, पण बोटांना ते लागेना. मी लावलं. त्यांनीच म्हटलं, "खिडकी उघड."

त्या आठवड्यात आम्ही पुन्हा बाईंकडे गेलो. डब्याचं त्यांना सांगितलं. रागावतील असं वाटलं होतं, त्या म्हणाल्या, "मी असते तर मीही उघडला असता," आणि टेप काढली. रेघ वर चढली होती. सासऱ्यांचा चेहरा उतरला. बाईंनी दोनदा माप घेतलं आणि म्हणाल्या, "चढली, पण मागच्या खेपेपेक्षा कमी चढली. थकायला लागलंय हे." पुढच्या खेपेला रेघ जिथल्या तिथे. त्या दिवशी माझा जीव भांड्यात पडला, पण मी घरी कुणाला म्हटलं नाही, दृष्ट लागेल अशा वेड्या भीतीने. त्याच्या पुढच्या खेपेला बाईंनी माप घेतलं, पुन्हा घेतलं, आणि टेपवर बोट ठेवून ती सासऱ्यांच्या डोळ्यांसमोर धरली. एक बोटभर खाली.

त्या बाईंना वाटत असेल, त्यांनी त्यांचं काम केलं. पण मी कधी विसरणार नाही की बाहेर एवढी माणसं ताटकळत असताना त्यांनी एका म्हाताऱ्याला हवेत बूट करू दिला आणि त्याला न आठवलेली खिडकी पाहिली. पहिल्या गोळीवर घरी पाठवलं असतं तर मी त्यांना दोष दिला नसता, मला कळलंच नसतं. सासरे त्याच खोलीत, त्याच वासात, बंद खिडकीमागे हातापायांनी हळूहळू बधिर झाले असते, आणि आम्ही म्हटलं असतं, वय झालं. हे मनात आलं की आजही मला हात जोडावेसे वाटतात, आणि समोर कुणी नसलं तरी मी जोडते.

पुढचं सावकाश झालं. आधी हात आले. पट्टे सुटले. नवं, पाण्यात मिसळणारं सोल्यूशन आम्ही आणलं. ते वाळायला दुप्पट वेळ घेतं, त्याला सासरे रोज नावं ठेवतात, आणि अंगणात बसून, उघड्यावर, तेच लावतात. सुताराशी बोलून करवतीच्या वेळा ठरवून घेतल्या. हे आधी सुचलं असतं तर, असं मला वाटतं, पण सुतारही आमच्यासारखाच, विचारलं नाही तर सांगत नाही. पावलं मात्र मुकीच होती. चालायचे ते नजरेने, खाली बघून, पाऊल कुठे पडतंय ते डोळ्यांनी मोजत. रेघ घोट्याच्या खाली येऊन अडली होती. बाई म्हणाल्या होत्या, कदाचित इथेच थांबेल, तयारी ठेवा.

परवा बाबा आणि मी फर्म्यांसाठी लाकूड बघायला गेलो होतो. परत येताना रस्त्याचं काम चाललेलं, कडेला बारीक खडी पसरलेली. ते माझ्या पुढे काठी टेकत चालत होते. एकदम थांबले. मला वाटलं, तोल गेला. धावत जाऊन मी त्यांचा दंड धरला.

"काय झालं बाबा? दमलात?"

ते हलेनात. खाली बघत नव्हते, समोर कुठेतरी बघत होते. मग कुजबुजल्यासारखं म्हणाले, "बुटात खडा गेलाय."

"थांबा, काढते." मी सवयीने खाली वाकले आणि नाडीला हात घातला. तेव्हा कुठे मला कळलं ते काय म्हणाले ते. मी तशीच वाकलेली वर बघत राहिले.

"कुठे?" मी विचारलं.

"डावा. अंगठ्याच्या खाली, जरा आतल्या बाजूला." त्यांनी पाऊल हळूच दाबून बघितलं, आणि त्यांचा चेहरा वेदनेने आक्रसला. "टोकदार आहे गं. चांगला टोकदार आहे."

मी नाडी सोडायला लागले तर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"राहू दे," ते म्हणाले. "घर येईपर्यंत राहू दे."

आणि घर येईपर्यंत ते लंगडत, कण्हत, हसत चालले. मी त्यांच्या बाजूने चालत होते आणि भर रस्त्यात रडत होते, आणि लोक बघत होते, आणि मी कुणाला काही सांगितलं नाही.